दीडशे तास

मशीन सकाळी सहाला सुरू व्हायचं आणि संध्याकाळी आठला बंद. मधले चौदा तास ते इमानेइतबारे फिरत राहायचं आणि त्यातून एक खिळासुद्धा बाहेर पडायचा नाही. चकच्या पकडीत घडवायचा जॉब नाही, कापायच्या टूलला काम नाही, नुसती घरघर. प्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमधली चोवीस पोरंपोरी भिंतीला टेकून हा सोहळा बघत बसायची आणि मशीनसमोरच्या स्टुलावर मास्तर. त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या एकाच आकड्यावर. आज तो आकडा होता त्रेसष्ट. तो दीडशेच्या वर जायला हवा होता आणि हातात होते सात दिवस.

संगणकावर चालणारं हे लेथ मशीन एका दूरच्या देशाने दिलेलं होतं. करार असा की मशीन त्यांचं, इमारत आणि मास्तर आपले. वर्षानंतर त्यांची माणसं येऊन पाहणार. वर्षभरात मशीन किमान दीडशे तास चाललेलं असेल, तर संस्थेतल्या सहा जणांना तिकडच्या कारखान्यात आठ महिने शिकायला नेणार, पगार देऊन. दीडशे तासांची अट इतकी साधी होती की ती घालताना त्या लोकांनाही जरा संकोच वाटला असेल. पण पाहणीचं पत्र आलं त्या दिवशी मीटरवर सात तास होते आणि ते सातही मशीन बसवायला आलेल्या कारागिरांनी चालवलेले.

"सात म्हणजे सातशे ना, मास्तर?" प्राचार्यबाईंनी विचारलं होतं.

"सात," मास्तर म्हणाले. "व्होल्टेज बरोबर नाही म्हणून..."

"त्या लोकांसमोर मी व्होल्टेज घेऊन उभी राहू का?"

मग बाईंनी कॅलेंडर काढलं, अकरा दिवसांना चौदाने गुणलं आणि प्रश्न निकालात काढला. मशीन फिरवायचं. काय बनवायचं, हा मुद्दा निघालाच नाही.

व्होल्टेज खरं तर चांगलं होतं. बरोबर नव्हतं ते वेगळंच. मास्तर जुन्या, हाताने चालवायच्या लेथवर सत्तावीस वर्षं शिकवत आलेले. नुसत्या बोटाने पृष्ठभागावरून चाचपून ते सांगत, इथे केसाएवढा फुगवटा आहे. मायक्रोमीटर लावला की तो निघायचाच. त्यांच्या वरच्या खिशात पांढरा स्वच्छ रुमाल कायम असायचा, माप घेण्याआधी मायक्रोमीटर आणि बोटं पुसायला. न पुसता माप घेणाऱ्या पोराला ते दिवसभर झाडू मारायला लावत. अशा माणसाला संस्थेनं तीन आठवडे त्या देशात नव्या मशीनचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं. तिथं पहिल्या दिवशी त्यांना काही कळलं नाही, त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही डोलावली. तिसऱ्या दिवशी विचारायचं तर पहिले दोन दिवस काय केलं, हे सांगावं लागलं असतं. म्हणून एकवीस दिवस मान डोलावून ते प्रमाणपत्र घेऊन परत आले. प्रमाणपत्र प्राचार्यबाईंच्या खोलीत काचेत लागलं आणि मशीनवर मास्तरांनी करड्या प्लास्टिकचं कव्हर घातलं. दर शनिवारी ते कव्हर स्वतः ओल्या फडक्याने पुसत. आता फिरत होता तो मशीन गरम करायचा प्रोग्रॅम. मास्तरांना तेवढा एकच येत होता.

भिंतीला टेकून बसलेल्यांत त्यांची भाची होती. बहिणीची मुलगी, बावीस वर्षांची, मामाकडे राहून शिकणारी. घरात "मामा, तू", वर्कशॉपमध्ये "सर, तुम्ही". हा नियम मास्तरांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता. बसून बसून पोरांच्या अंगात आळस भरला होता, पण हिच्या अंगाला मुंग्या चावत होत्या. ती उठे, मशीनच्या काचेशी जाई, परत येऊन बसे, वहीत काहीतरी लिही, पुन्हा उठे.

"सर," ती शेवटी म्हणाली, "फिरतंयच तर एक सळई लावू का? साधी पितळेची. तासही होतील, जॉबही होईल."

"मशीन खेळायला नाही आणलेलं."

"मी खेळायचं म्हणतच नाहीये."

"बस जागेवर."

ती बसली. मास्तरांनी वरच्या खिशाला हात लावला. रुमालाशेजारी मशीनची छोटी किल्ली होती. ती फिरवल्याशिवाय नवा प्रोग्रॅम घालता येत नसे. किल्ली जागेवर होती. दिवसातून वीसदा तरी ते ती चाचपत.

घरी जेवताना बहिणीचा फोन आला. रोज यायचा आणि रोज एकच प्रश्न असायचा.

"तिचं नक्की झालं का रे?"

"होईल. माणसं यायची आहेत अजून."

"मी एक वर्ष म्हटलं होतं. वर्ष झालं. इकडे औषधाच्या दुकानात जागा आहे, मालक दोनदा विचारून गेला. त्या सहांत ती नसेल तर सरळ परत पाठव."

"असेल गं."

फोन ठेवला तर समोर भाचीनं वही उघडून ठेवलेली. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तिनं पानापानाचे फोटो काढून मोबाइलवर भाषांतर करून उतरवून घेतलं होतं. चुकीचं भाषांतर खोडून शेजारी बरोबर लिहिलेलं. चाळीस पानं, आकृत्यांसकट.

"मामा, मला करता येईल असं वाटतंय. एकदाच बघू दे."

"आणि मोडलं तर? त्याचा एक भाग आणायला सहा महिने जातात."

"मोडायला आधी वापरायला लागतं." तिनं ताट बाजूला सरकवलं. "मागच्या वर्षी दुसऱ्या संस्थेतून चार जण गेले होते तिकडे. पहिल्या दिवशी त्यांना असल्याच मशीनपुढे उभं केलं. तीन आठवड्यांत परत आले. आता ते कुणाला तोंड दाखवत नाहीत. मी तिकडे जाऊन काय दाखवू? रिकामं फिरवून?"

"आधी जा तर खरी."

तिनं वही पुढे सरकवली. मग आवाज न चढवता म्हणाली, "मामा, तुला येत नाही ना ते?"

मास्तर उठले, पाणी प्यायले. परत येऊन बसले, पुन्हा उठून पाणी प्यायले. मामी म्हणाली, "अहो, भात खाताय की पाणी?" त्यावर कुणी हसलं नाही. भाचीनं वही मिटली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर रागावता तरी आलं असतं.

त्यानंतरचे दिवस मास्तरांचा पाय एका जागी ठरेना. शंभर झाले, एकशे एकोणीस झाले. मशीनची घरघर कानात अशी बसली की घरीही ती ऐकू येई. ते स्टुलावरून उठून जुन्या लेथपाशी जात, त्याचं चाक उगाच फिरवून बघत, परत येत. भाची भिंतीशी बसून मशीनकडे बघायची आणि त्यांना वाटायचं, ती आपल्याकडेच बघतेय. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी प्राचार्यबाई वायरमनला घेऊन आल्या. वायरमन आज्ञाधारक माणूस. सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणे करी, त्यात स्वतःची अक्कल मिसळत नसे.

"उद्या ते म्हणाले, चालवून दाखवा, तर?" बाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात किल्लीच्या खिशावर गेला.

"मला वाटलंच. तुम्हाला काय येतं आणि काय नाही, ते मी विचारत नाहीये. मला सहा जागा हव्यात. हा दाराबाहेर मुख्य स्विचपाशी उभा राहील. तुम्ही खिशातला रुमाल काढलात की हा लाइट घालवणार. व्होल्टेजचं तुम्ही वर्षभर सांगताच आहात, उद्या एकदा दाखवून द्या."

"रुमाल काढला की स्विच पाडायचा," वायरमननं पाठ केलं. "पांढरा ना?"

"पांढराच," मास्तर म्हणाले.

त्यांना बरं वाटलं. बरं वाटल्याची पुढच्याच क्षणी शरमही वाटली. पण सुटकेचा रस्ता खिशात आहे म्हटल्यावर त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी तिघं आले. एक उंच तरुणी, हातात पाटीसारखा संगणक. एक दुभाषा, इथलाच, घामाघूम. आणि एक म्हातारा कारागीर. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. मास्तरांनी आधी ती करंगळी बघितली आणि ओळखलं, हा मशीनवरच आयुष्य काढलेला माणूस, याला फसवणं सोपं नाही.

तरुणीनं मीटर पाहिलं. एकशे एकसष्ट. तिनं समाधानाने आकडा टिपला. प्राचार्यबाई प्रसन्न हसल्या. म्हाताऱ्यानं मीटरकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यानं मशीनचा दरवाजा सरकवला, खाली वाकला आणि कापलेल्या धातूचा कीस जमा होतो त्या तळाच्या ट्रेमध्ये हात घातला. हात बाहेर काढून बोटं बघितली. मग टूल गार ठेवायचं पाणी बोटाला लावून वास घेतला. बोटं स्वच्छ होती आणि पाण्याला धातूचा वास नव्हता. एकशे एकसष्ट तास चाललेल्या मशीनमध्ये नखाएवढासुद्धा कीस नव्हता.

तो काहीतरी बोलला. दुभाषा म्हणाला, "शेवटचा जॉब कुठला केला, असं विचारतायत."

"बरेच केले," प्राचार्यबाई म्हणाल्या. "वाटून टाकले."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पिशवीतून त्यानं पितळेच्या दोन सळया काढल्या, एक साधा नकाशा काढला. पायरी असलेली छोटी कडी, तासाभराचं काम. ते सगळं टेबलावर मांडून त्यानं मास्तरांकडे बघून दोन्ही हात मशीनकडे केले. अगदी आदराने.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. दाराबाहेर वायरमनची सावली दिसत होती, स्विचवर हात ठेवून तयार. प्राचार्यबाई डोळ्यांनी खिसा दाखवत होत्या. भिंतीशी चोवीस जण उभे, त्यांत भाची. तिनं खाली बघितलं होतं. रुमाल काढला की सगळं सुरळीत. तास भरलेले, सहा जागा पक्क्या, बहिणीला आज सांगता येईल. आणि मग तिकडे, त्या कारखान्यात, पहिल्या सकाळी या पोरीपुढे असंच कुणीतरी सळई ठेवील आणि दोन्ही हात मशीनकडे करील.

मास्तरांनी खिशात हात घातला. रुमाल लागला, शेजारी किल्ली लागली. त्यांनी किल्ली काढली. घाम बाहीला पुसला.

"मला हे मशीन चालवता येत नाही," ते म्हणाले.

दुभाष्यानं प्राचार्यबाईंकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघता? मी म्हणालो तसं सांगा. तिकडे तीन आठवडे होतो, मला काही समजलं नाही आणि मी विचारलं नाही. यातले एकशे चोपन्न तास मशीन रिकामं फिरवलंय. पोरांना मी हात लावू दिला नाही. मोडेल म्हणून नाही. माझं पितळ उघडं पडेल म्हणून."

दुभाष्यानं सांगितलं. तेवढ्यात मास्तर भाचीपुढे जाऊन उभे राहिले आणि किल्ली तिच्या हातात दिली. "तुला जमेल वाटतं ना. कर."

ती पुढे आली, वही टेबलावर उघडली, किल्ली फिरवली आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ घालू लागली. एक ओळ चुकली, खोडली, पुन्हा घातली. काचेच्या पडद्यावर आधी रेघांची कडी काढून बघितली. मग तिनं सळई चकमध्ये आवळली आणि हिरवं बटण दाबलं.

टूल धातूला लागलं तो आवाज वेगळाच होता. अकरा दिवसांच्या त्या भुसभुशीत घरघरीनंतर पहिल्यांदा मशीन काहीतरी बोललं. मास्तर नकळत जवळ सरकले. आकडे त्यांना कळत नव्हते, पण आवाज कळत होता.

"वेग कमी कर थोडा," ते म्हणाले. "टूल कुरकुरतंय. ऐक."

तिनं कमी केला. कुरकुर थांबली. पिवळा कीस ट्रेमध्ये पडू लागला. म्हातारा मान तिरकी करून मास्तरांकडे बघत होता.

शेवटचा हात फिरत होता. भाचीनं पुढच्या मापासाठी मायक्रोमीटर उचलला, आपली तेलकट बोटं पाहिली आणि मशीनवरची नजर न काढता हात मागे केला. "मामा, रुमाल."

तिनं वर्कशॉपमध्ये मामा म्हटलं, हे मास्तरांच्या लक्षातच आलं नाही. माप घ्यायच्या आधी रुमाल द्यायचा, एवढंच सत्तावीस वर्षांच्या हाताला कळलं. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला.

खटकन लाइट गेला.

मशीन आचका देऊन थांबलं. टूल कडीत रुतून बसलं. दारातून वायरमननं डोकं आत घातलं. "वेळेवर झालं ना, मास्तर?"

भाची आधी मशीनकडे, मग रुमालाकडे, मग मामाकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. आता व्होल्टेज म्हणता आलं असतं. तरुणीला ते पटलंही असतं, ती वर दिव्यांकडेच बघत होती.

"हेही सांगा त्यांना," मास्तर दुभाष्याला म्हणाले. रुमाल त्यांच्या हातात तसाच होता. "मी रुमाल काढला की लाइट घालवायचा, असं आमचं कालच ठरलं होतं. आत्ता तो चुकून निघाला. पण ठरलं होतं, हे खरं."

प्राचार्यबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. दुभाष्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तो मास्तरांच्या स्टुलावर बसला आणि कडीत रुतलेलं टूल वाकून बघितलं. शेवटी उठला, टेबलावरची दुसरी सळई उचलली आणि भाचीच्या हातात दिली.

लाइट आल्यावर रुतलेलं टूल सोडवून तिनं ती सळई लावली. दुसरी कडी पूर्ण झाली. नकाशात वीस मिलिमीटर हवे होते. नऊ शतांश कमी भरलं. तिनं पुसून दोनदा मोजलं, म्हाताऱ्यानंही मोजलं. चालण्यासारखं नव्हतं. त्यानं आकडा होता तसा लिहिला.

दुपारी निर्णय सांगितला गेला. या खेपेला सहा जागा नाहीत. सहा महिन्यांनी ते परत येतील. तोपर्यंत पुन्हा दीडशे तास, आणि प्रत्येक तासाचा जॉब समोर दिसला पाहिजे. प्राचार्यबाईंनी मास्तरांना सांगितलं, "पोरांना तुम्हीच सांगा." मास्तरांनी वर्कशॉपमध्ये उभं राहून सांगितलं, कारणासकट. पोरं ऐकून मुकाट्यानं निघून गेली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले तर भाचीची बॅग पलंगावर उघडी. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर्षाचा शब्द तिनंच आईला दिला होता आणि वर्ष संपलं होतं. मास्तर दारात उभे राहिले, खोलीत एक फेरी मारली, परत दारात आले. मग त्यांनी स्वतःच बहिणीला फोन लावला.

"तिचं झालं नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं नाही. मला ते मशीन येत नव्हतं, मी वर्षभर झाकून ठेवलं आणि खोटे तास भरले. ती पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला सहा महिने दे."

"लहानपणी घड्याळ मोडून तू असंच गादीखाली लपवलं होतंस," बहीण म्हणाली. "सहा महिन्यांत तू शिकशील का ते?"

"शिकवलं तर शिकेन."

"शिकवणार कोण?"

मास्तरांनी पलंगाकडे पाहिलं. भाचीनं मान वर केली नाही.

"मग मला काय विचारतोस? तिला विचार." बहिणीनं फोन ठेवला.

पण विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. भाची घड्या घालत राहिली आणि ते बाहेर जाऊन बसले.

सकाळी साडेपाचला त्यांनी सदरा चढवला आणि सवयीनं खिसा चाचपला. रुमाल होता, किल्ली नव्हती. तिच्या खोलीत डोकावले तर पलंग रिकामा, बॅगही दिसेना. मामीला उठवायचंही त्यांना सुचलं नाही. ते तसेच भरभर चालत संस्थेकडे निघाले.

वर्कशॉपचं दार उघडं होतं. करडं कव्हर घडी करून कोपऱ्यात टाकलेलं. मशीन सुरू होतं, आणि ट्रेमध्ये कीस पडत होता. शेजारी भिंतीशी तिची बॅग उभी होती. टेबलावर कालची ती अर्धवट कडी होती, टूल रुतल्याचा चरा पडलेली.

"किल्ली..." मास्तर म्हणाले.

"काल तुम्हीच दिलीत. परत मागितली नाहीत."

"आणि ही बॅग?"

"दहाची गाडी आहे. जायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही." तिनं लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. पायाने एक स्टूल ओढून तिनं आपल्या शेजारी ठेवलं. "बसा."

मास्तर बसले. तिनं चाळीस पानांची वही पहिल्या पानावर उघडली. मग ते सत्तावीस वर्षं रोज सकाळी या खोलीत जे म्हणत आले होते, तेच ती म्हणाली.

"वही काढा, सर."

त्यांनी खिसे चाचपले. वही नव्हती. इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी आणलीच नव्हती. भाचीनं आपल्या वहीची मागची कोरी पानं फाडली, पेनासकट त्यांच्यापुढे ठेवली.

"तारीख घाला," ती म्हणाली.

मास्तरांनी रुमाल काढून बोटं पुसली. दाराकडे एकदा बघून घेतलं. लाइट गेला नाही. मग त्यांनी तारीख घातली.